पॅलिओ आणि दमदार व्यायाम: भाकरी सोडली तर ताकद कुठून आणायची?

पॅलिओ म्हणजे शेतीपूर्वीच्या, अश्मयुगातल्या माणसाच्या खाण्यावर बेतलेला आहार: धान्य, कडधान्य, दूध आणि साखर बाद. कोल्हापुरातली मटण थाळी समोर घ्या आणि पॅलिओच्या नियमांनी एकेक वाटी तपासत जा. सुकं मटण चालतं. तांबडा रस्सा चालतो, कारण त्यात मटणाचं अळणी पाणी, कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ आणि घरची चटणी. धान्याचा कणही नाही. पांढरा रस्सा तर सहज बसतो: नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, मिरी. उकडलेलं अंडं, कांदा, लिंबू यांनाही हरकत नाही. उचलून ठेवावं लागतं ते भाकरी, चपाती, भात आणि दह्यातली कोशिंबीर. रस्सा शेंगतेलातला असेल तर तोही वादात सापडतो, कारण शेंगदाणा कुळाने कडधान्यातला. मिसळ मात्र मटकी, फरसाण आणि ब्रेडसकट बाद. दुधाचा चहा, साखर, गूळ, आमटी, पिठलं, उसळी हेही बाद.

ताटातलं चवीचं बहुतेक सगळं राहतं, त्यामुळे कोल्हापूरकराला पॅलिओ सोपा वाटतो. फसगत इथेच होते. ताटातून जातं ते मुख्यतः पिठाचं. आणि जो रोज पहाटे रंकाळ्याभोवती पळतो, जिममध्ये बर्पी आणि किटलबेलच्या (मूठ असलेल्या लोखंडी गोळ्याच्या) फेऱ्या मारतो किंवा तालमीत जोर-बैठका मारून मातीत उतरतो, त्याच्या स्नायूंचं इंधन नेमकं त्या पिठातून येत होतं. नियमांच्या पुस्तकात पॅलिओ हा कमी कार्बचा, म्हणजे कमी पिष्ट-साखरेचा आहार नाही. त्यात कंदमुळं आणि फळं भरपूर आहेत. पण आपल्या घरात कार्ब जवळजवळ फक्त भाकरी, चपाती आणि भातातून येतात. ते तिन्ही काढले आणि जागेवर काही ठेवलं नाही, तर माणूस नकळत कमी कार्बवर जातो. हा सगळा लेख त्या रिकाम्या जागेबद्दल आहे.

आधी या आहारामागचा विचार थोडक्यात. १९७५ साली वॉल्टर व्होग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने अश्मयुगीन जेवणाची कल्पना पुस्तकातून मांडली. तिला वजन आलं १९८५ मध्ये, जेव्हा बॉइड ईटन आणि मेल्विन कोनर यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. त्यांचं म्हणणं असं: माणसाचं शरीर लाखो वर्षं शिकार, मासे, फळं आणि कंदमुळांवर घडलं. शेती आली ती जेमतेम दहा-बारा हजार वर्षांपूर्वी. एवढ्याशा काळात आपली जनुकं फारशी बदललेली नाहीत, म्हणून आजच्या खाण्यापिण्याने लठ्ठपणा, मधुमेह आणि हृदयविकार मागे लागले. पुढे २००२ मध्ये लॉरेन कॉर्डेन या अमेरिकी प्राध्यापकांनी हा आहार लोकप्रिय केला आणि तो जिमपर्यंत पोचला.

मांडणी ओढून घेणारी आहे, पण तिला मोठी भोकं आहेत. इस्रायलमध्ये गॅलिली सरोवराच्या काठी ओहालो नावाच्या जागी सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या झोपड्या सापडल्या. त्यांत रानटी बार्ली आणि गव्हाचे दाणे होते, दाणे वाटायचा दगडही होता. म्हणजे शेतीच्या कितीतरी आधी माणूस धान्य खात होता. आपल्या लाळेत पिष्ट पचवणारं जे अमायलेज असतं, त्याच्या जनुकाच्या प्रती माणसात चिंपांझीपेक्षा जास्त असतात. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता तर गुरं पाळायला लागल्यानंतरच पसरली. शिवाय बर्फाळ प्रदेशातला शिकारी आणि विषुववृत्ताजवळचा शिकारी एकसारखं कधीच जेवत नव्हते. ज्या लाल मिरचीशिवाय तांबडा रस्सा होत नाही, तीसुद्धा मूळची अमेरिकेतली, पोर्तुगीजांमुळे आपल्याकडे आली. त्यामुळे ‘आपले पूर्वज असं खायचे’ एवढ्याच कारणाने पॅलिओ करू नये. आजच्या शरीरावर त्याचा काय परिणाम होतो, ते पाहून ठरवावं.

तो परिणाम बऱ्यापैकी चांगला आहे, हे मोकळेपणाने सांगायला हवं. स्वीडनमध्ये २००७ साली हृदयविकार असलेल्या आणि रक्तातली साखर बिघडलेल्या २९ पुरुषांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, त्यात पॅलिओ गटाची साखर जास्त सुधारली. २०१४ मध्ये तिथेच रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांवरचा दोन वर्षांचा अभ्यास आला. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी जास्त उतरली होती. दोन वर्षांनी तो फरक टिकला नाही. यात नवल नाही. साखर, मैदा, बेकरीचे पदार्थ, फरसाण आणि थंड पेयं ताटातून गेली, भाज्या आणि प्रोटीन वाढलं, की बहुतेकांचं पोट उतरतंच. पण या अभ्यासांतली माणसं आजारी किंवा स्थूल होती. रोज तासभर घाम गाळणाऱ्या पंचविशीतल्या पोराचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर तिथे मिळत नाही.

टाकी आणि धरण

त्यासाठी स्नायूंमध्ये डोकवावं लागतं. आपण खाल्लेल्या भाकरीचं ग्लुकोज होतं आणि त्यातलं बरंचसं ग्लायकोजेनच्या रूपात साठतं: स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम, यकृतात १०० ग्रॅमच्या आसपास. सगळा मिळून हा साठा २,००० कॅलरींचा. चरबीचा साठा मात्र अफाट. सडपातळ माणसाच्या अंगावरही दहा किलो चरबी असते, म्हणजे ऐंशी-नव्वद हजार कॅलरी. मग ग्लायकोजेन संपलं तर चरबी जाळावी, अडचण कुठे आहे? अडचण वेगाची आहे. राधानगरी धरण तुडुंब भरलेलं असलं, तरी गच्चीवरची टाकी रिकामी असेल तर शॉवरला धार लागत नाही. चरबी हे धरण, ग्लायकोजेन ही टाकी.

चालताना, हळू पळताना, सायकल आरामात मारताना चरबीतून येणारी ऊर्जा पुरते. श्वास फुलू लागला, बोलताना वाक्य तुटू लागलं, की शरीर जास्तीत जास्त ग्लुकोजकडे वळतं. कारण तेवढ्याच ऑक्सिजनमध्ये ग्लुकोज थोडी जास्त ऊर्जा देतं. आणि गरज पडली तर ऑक्सिजन अपुरा असतानाही ते जळतं, चरबीला ते जमत नाही. पन्हाळ्याचा चढ सायकलवर, चारशे मीटरचे इंटरव्हल, फ्रीस्टाइल कुस्तीतल्या तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या: हा सगळा टाकीवरचा कारभार आहे.

हे १९६७ सालीच स्वीडनमध्ये दिसलं होतं. बर्गस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडीच्या स्नायूचे बारीक तुकडे काढून ग्लायकोजेन मोजलं आणि माणसांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावली. चरबी-प्रोटीनचं जेवण घेणारे तासाभरात थांबले, मिश्र जेवणावर दोन तासांच्या आसपास गेले आणि भरपूर कार्ब घेणारे तीन तासांच्या जवळ पोचले. ‘शरीराला सवय लागली की चरबीवरही चालतं’ असं सांगणाऱ्यांसाठी २०१७ मधला ऑस्ट्रेलियाचा अभ्यास आहे. लुईस बर्क यांच्या गटाने चालण्याच्या शर्यतीतले जागतिक दर्जाचे खेळाडू घेतले आणि काहींना तीन आठवडे अगदी कमी कार्ब, भरपूर चरबी अशा आहारावर ठेवलं. सवय खरंच लागली, चरबी जाळण्याचा वेग प्रचंड वाढला. पण तेवढ्याच वेगाने चालायला जास्त ऑक्सिजन लागू लागला. बाकीच्या गटांची वेळ सुधारली, यांची सुधारली नाही. हा आहार कीटोचा होता, पॅलिओचा नव्हे. पण भाकरी-भात काढून नुसतं मटण-अंडी-सॅलडवर आलेला माणूस त्याच रस्त्याला लागलेला असतो.

ते कळतं कसं? पहिल्या आठवड्यात माणूस खूश असतो, वजनकाटा किलो-दीड किलो खाली आलेला असतो. यात बरंचसं पाणी असतं. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर तीनेक ग्रॅम पाणी साठलेलं असतं, ते ग्लायकोजेनबरोबर निघून जातं. खरी परीक्षा दुसऱ्या आठवड्यात. किटलबेलची पहिली फेरी नेहमीसारखी होते. दुसरीत हात ठीक, पण मांड्या जड. तिसरीत नेहमीचंच वजन, तरी छातीचे ठोके चढलेले, पकड सुटायला लागते, आणि पोरगं किटलबेल खाली ठेवून गुडघ्यावर हात टेकून उभं राहतं. तोंडावर घाम आहे, पण दम गेलेला नाही. पायच उचलत नाहीत. घरी आल्यावर चिडचिड, रात्री अकराला गोड खायची इच्छा, पहाटे तीनला जाग. अशा वेळी जिममध्ये हमखास सल्ला मिळतो की प्रोटीन वाढव. त्याने टाकी भरत नाही. प्रोटीनपासून शरीर ग्लुकोज बनवतं खरं, पण सावकाश आणि महागात.

किती, आणि कशातून

खेळाडूंच्या आहाराचा सर्वसाधारण ठोकताळा असा आहे: रोज तासभर बऱ्यापैकी जोराचा व्यायाम असेल तर शरीराच्या दर किलो वजनामागे ५ ते ७ ग्रॅम कार्ब, प्रोटीन १.२ ते २ ग्रॅम. सत्तर किलोच्या माणसासाठी कार्ब किमान ३५० ग्रॅम आणि प्रोटीन ८५ ते १४० ग्रॅम.

प्रोटीनचं पॅलिओत जुळतं. पाव किलो मटणात ५० ग्रॅमच्या आसपास, चार अंड्यांत २५. कार्बचं गणित मात्र डोळे उघडणारं आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ७० ग्रॅम कार्ब असतात, शंभर ग्रॅम रताळ्यात वीस-पंचवीस. ३५० ग्रॅम कार्ब नुसत्या रताळ्यातून घ्यायचे, तर दीड किलोच्या आसपास रताळी रोज लागतील. ते कुणाच्याने होत नाही. आठवड्यातून तीन-चार दिवसच जोराचा व्यायाम करणाऱ्याचं २०० ग्रॅमवरही भागू शकतं. ते जमण्यासारखं आहे: अर्धा किलो रताळी आणि तीन केळी, वर जेवणातल्या भाज्या आणि एखादं फळ.

आपल्याकडे यासाठी लागणारा माल आहे, तो फक्त उपवासाच्या कप्प्यात पडून असतो. रताळी, सुरण, शिंगाडा, अळकुड्या, कच्ची केळी. लक्ष्मीपुरीच्या किंवा कपिलतीर्थच्या मंडईत एकादशी-महाशिवरात्रीला रताळ्यांचे ढीग लागतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. बटाट्याबद्दल पॅलिओवाल्यांतच एकमत नाही. सुरुवातीचे लोक नको म्हणायचे, आता बरेच जण चालवून घेतात. व्यायाम करणाऱ्याने खुशाल खावा. पण उपवासाचं म्हणून सगळं चालेल असं समजू नका. वरई हे बारीक धान्यच आहे, राजगिराही कडक नियमात बसत नाही, आणि साबुदाण्याच्या खिचडीत शेंगदाण्याचा कूट असतो.

रताळी सालासकट उकडावीत, गार झाल्यावर बोटभर जाडीच्या चकत्या कराव्यात आणि तव्यावर थोड्या खोबरेल तेलावर दोन्ही बाजूंनी तांबूस करून वरून चटणी-मीठ भुरभुरावं. रात्री उकडून ठेवली तर सकाळी पाच मिनिटांचं काम. गोड-तिखट लागतात, आणि मटणाच्या रश्शाबरोबर तर भाकरीची उणीव बरीच भरून काढतात.

वेळेचाही विचार करायला हवा. पहाटे पाच-साडेपाचला व्यायामाला जाणाऱ्याच्या पोटात तेव्हा फारसं काही जात नाही, म्हणून त्याचं इंधन आदल्या रात्रीच्या जेवणातलं असतं. रात्री नुसतं चिकन आणि काकडी खाऊन पहाटे स्प्रिंट मारायला जाणं म्हणजे अंगावर संकट ओढवून घेणं. कंद रात्रीच्या ताटात हवेत. संध्याकाळी व्यायाम असेल तर तास-दीड तास आधी दोन केळी. दिवसात दोनदा सराव करणाऱ्याने पहिल्या सरावानंतर लगेच कार्ब घ्यावेत, कारण टाकी भरायला त्याच्याकडे मोजकेच तास असतात. एकदाच व्यायाम करणाऱ्याला तेवढी घाई नाही.

आणि एक गोष्ट, जी पॅलिओच्या उत्साही लोकांना सहसा ठाऊक नसते. खुद्द कॉर्डेन यांनीच २००५ मध्ये जो फ्रील या प्रशिक्षकाबरोबर खेळाडूंसाठी या आहाराची वेगळी आवृत्ती मांडली. तिच्यात लांब आणि जोराच्या व्यायामाच्या आधी, दरम्यान आणि लगेच नंतर नियम सैल करून पिष्ट आणि साखर घ्यायला मोकळीक आहे. या आहाराच्या प्रणेत्यालाच खेळाडूसाठी सूट द्यावी लागली, तर आपण कडकपणा कुणासाठी दाखवायचा?

माझं स्पष्ट मत असं, की जोराचा व्यायाम करणाऱ्या बहुतेकांनी पॅलिओतला ‘हे ताटातून काढून टाका’ हा भाग साखर, मैदा, फरसाण आणि पाकिटबंद खाण्यापुरता घ्यावा. ज्वारीची भाकरी, डाळ आणि दूध ठेवावं.

भाकरीबद्दल वर बोललोच. डाळी-उसळींवरचा पॅलिओचा आक्षेप त्यांतल्या लेक्टिन (पोटाला बाधू शकणारं एक प्रोटीन) आणि फायटेट (लोह-झिंक नीट शोषू न देणारा घटक) यांवर आहे. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन खरंच बाधतं. पण कडधान्य भिजवून नीट शिजवलं की लेक्टिन निकामी होतं, आणि मोड आणल्यावर फायटेट कमी होतं. मटकीला मोड आणून उसळ करणाऱ्या आपल्या आज्या हे शतकानुशतकं करत आल्या आहेत. शाकाहारी माणसाला तर डाळ आणि दूध दोन्ही सोडून पुरेसं प्रोटीन मिळवणं फार अवघड जातं. अशांनी कडक पॅलिओच्या वाटेला जाऊ नये.

दुधाच्या बाबतीत कोल्हापूरला कुणी शिकवायची गरज नाही. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला उभ्या उभ्या रिचवणारं हे शहर (कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, म्हणून तापवलेलंच बरं). शाहू महाराजांनी ज्या कुस्तीला आश्रय दिला तिचा खुराकही दुधावर उभा आहे. भिजवलेले बदाम सोलायचे, खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत सोट्याने लोणी होईपर्यंत घोटायचे, फडक्यातून गाळून दुधात मिसळायचे, ती थंडाई. तिच्या जोडीला तूप, मटण, अंडी, फळं आणि भाकरी. एका जागी प्रोटीन, चरबी, कार्ब, कॅल्शियम सगळं. हा खुराक तासन्‌तास मेहनत करणाऱ्या पैलवानाचा आहे. कुस्ती सुटली आणि खुराक तसाच राहिला की काय होतं, ते आपण गल्लोगल्ली पाहतो. पण मेहनत चालू असताना त्यात चूक काढावी असं फारसं काही नाही.

दूध सोडायचंच असेल तर कॅल्शियमचा विचार करून सोडा. प्रौढ माणसाला रोज १,००० मिलिग्रॅम लागतं, आणि अर्ध्या लिटर दुधात त्यातलं सहाशेच्या आसपास असतं. ती जागा तीळ, शेवग्याचा पाला आणि मांदेलीसारखे काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे मिळून भरून काढतील, पण रोज खाल्ले तरच.

मिठाकडे तर याहून जास्त दुर्लक्ष होतं. पॅलिओवर आलेली पोरं हटकून साधं मीठ टाकून सैंधव किंवा गुलाबी मीठ आणतात. साध्या मिठातलं आयोडीन त्यात नगण्य असतं. स्वीडनमधल्या त्या दोन वर्षांच्या अभ्यासातही पॅलिओ गटात आयोडीन कमी पडल्याचं नंतर दिसलं. आयोडीन कमी झालं की थायरॉइडचं काम मंदावतं आणि थकवा येतो, मग दोष व्यायामाला दिला जातो. घरात आयोडीनयुक्त मीठच ठेवा, आणि एप्रिल-मेच्या उन्हात तासाला लिटरभर घाम जात असेल तर ते घ्यायला कचरू नका. पाण्यात लिंबू-मीठ घालून प्या.

मुलींनी आणि स्त्रियांनी विशेष लक्ष द्यावं. पॅलिओत पोट लवकर भरतं, त्यामुळे न ठरवताही खाणं कमी होतं. व्यायाम चालू आणि खाणं अपुरं, असं महिनोन्‌महिने राहिलं की शरीर काटकसर करतं: पाळी लांबते किंवा बंद होते, हाडं ठिसूळ होतात, सर्दी-पडसं हटत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन ती मुलींपुरती नाही, पुरुष खेळाडूंनाही होते, हे स्पष्ट केलं. पाळी थांबली म्हणजे ‘मेहनत लागू पडली’ असं समजणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. ते धोक्याचं लक्षण आहे, डॉक्टरांकडे जायला हवं. तालमीतल्या वाढत्या वयाच्या पोरांनी भाकरी, दूध, डाळ यातलं काहीही सोडू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने कार्ब एकदम कमी केले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार किंवा युरिक अॅसिडचा त्रास असलेल्याने मटणाचा मारा करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

बाकी तब्येतीने खणखणीत असलेल्या कुणाला करूनच बघायचं असेल, तर स्पर्धेच्या तोंडावर करू नका. चार मोकळे आठवडे निवडा. सुरू करण्याआधी दोन-तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा: रंकाळ्याच्या एका फेरीला लागणारा वेळ, ठरलेल्या वजनाच्या स्क्वॉटचे किती रेप्स निघतात, सकाळी उठल्यावरची नाडी. दर आठवड्याला तेच मोजा. वजनकाट्यापेक्षा या नोंदींवर विश्वास ठेवा. नाडी चढत चालली आणि रेप्स उतरत चालले, तर आधी रताळी-केळी वाढवा. आठवडाभरात फरक पडला नाही, तर रात्रीच्या जेवणात भाकरी परत घ्या आणि पुन्हा मोजा. दूध त्यानंतर, डाळ त्याच्याही नंतर, एका वेळी एकच. म्हणजे नेमकं काय कमी पडत होतं ते वहीतच दिसेल.